कुंडीतील ‘संकरित’ भांग : शब्दाची भूल आणि कायद्याची मर्यादा

रायपूरच्या समता कॉलनीत आणि लगतच्या चौबे कॉलनीत गच्चीवरील बागांची हौस आता चांगलीच रुजली आहे. टोमॅटो, मिरची, कारली, गवती चहा, तुळस यांच्या कुंड्या बहुतेक घरांवर दिसतात. या हौसेबरोबर कृषी विस्तार कार्यकर्त्यांकडे येणाऱ्या प्रश्नांचे स्वरूपही बदलले आहे. पूर्वी प्रश्न येई तो मिरचीवरील बोकड्याचा. आता भ्रमणध्वनीवर परदेशी चित्रफीत दाखवून विचारले जाते, ‘ही भांगेची संकरित जात आहे, नशेची नाही असे म्हणतात. चार कुंड्यांत लावली तर काय हरकत आहे?’

प्रश्न विचारणारा बहुधा गुन्हेगार नसतो. कुणाच्या घरी सांधेदुखीने त्रासलेले वडीलधारे असतात, कुणाला नव्या पिकाचे कुतूहल असते, तर कुणी ‘हेंप’च्या धाग्याला मिळणाऱ्या भावाविषयी वाचलेले असते. मात्र उत्तर चुकले तर त्याची किंमत दहा वर्षांपर्यंतच्या सक्तमजुरीने मोजावी लागू शकते. म्हणून ‘संकरित’ या शब्दाचा शेतीतील अर्थ, भांगेच्या व्यापारातील त्याचा वापर आणि कायद्याची भूमिका या तीन गोष्टी विस्तार कार्यकर्त्यास स्पष्ट ठाऊक असणे आवश्यक आहे.

‘संकरित’ म्हणजे नेमके काय?

शेतकऱ्याला ‘संकरित’ हा शब्द विश्वासाचा वाटतो, आणि त्याला सबळ कारण आहे. १९६४ मध्ये प्रसारित झालेला ज्वारीचा सीएसएच-१ हा वाण आणि १९७० मध्ये सुरत येथून आलेला एच-४ हा कापसाचा संकरित वाण यांनी या शब्दाला प्रतिष्ठा मिळवून दिली. या अर्थाने संकरित बियाणे म्हणजे निवडलेल्या, स्थिर केलेल्या दोन पालक वाणांच्या नियंत्रित संकरातून मिळालेली पहिली पिढी. ती एकसारखी वाढते, जोमदार असते आणि तिचे गुणधर्म आधी सांगता येतात. दुसऱ्या पिढीत गुण विभागले जातात, म्हणूनच शेतकऱ्याला दरवर्षी नवे बियाणे घ्यावे लागते.

भांगेच्या परदेशी बाजारात ‘हायब्रिड’ हा शब्द निराळ्या अर्थाने चालतो. लिनियसने १७५३ मध्ये या वनस्पतीला कॅनाबिस सटायव्हा हे नाव दिले. १७८५ मध्ये लामार्कने भारतातून गेलेल्या नमुन्यांवरून कॅनाबिस इंडिका ही वेगळी जाती वर्णिली. पुढे व्यापारात ‘सटायव्हा’, ‘इंडिका’ आणि दोहोंचे मिश्रण म्हणजे ‘हायब्रिड’ अशी वर्गवारी रूढ झाली. मात्र अनेक पिढ्यांच्या सरमिसळीमुळे या नावांचा प्रत्यक्ष गुणधर्मांशी फारसा मेळ उरलेला नाही. पाकिटावरील आकर्षक नाव म्हणजे नोंदणीकृत वाण नव्हे. त्यामागे पालक वाणांची माहिती, शुद्धतेचे प्रमाण किंवा स्थिरतेची चाचणी असेलच असे नाही.

येथे विस्तार कार्यकर्त्याला एक सोपी कसोटी लावता येते. अधिसूचित वाणाच्या बियाण्याच्या पिशवीवर वाणाचे नाव, उगवणशक्ती, शुद्धता, लॉट क्रमांक आणि चाचणीची तारीख असावी, अशी शिस्त १९६६ च्या बियाणे कायद्याने आपल्याला लावली आहे. टपालाने आलेल्या निनावी पुडीवर यातील काय आहे, हे विचारले की ‘संकरित’ शब्दाचे तेज बरेचसे उतरते. शिवाय परदेशातून बी मागवायचे तर २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना व रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. पाकिटातून चोरवाटेने आलेल्या बियाण्याबरोबर नवे रोग-कीडही येऊ शकतात. जैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था रायपूरजवळ बारोंडा येथेच असल्याने येथील शेतकऱ्यांना या धोक्याचे गांभीर्य वेगळे सांगण्याची गरज नाही.

नशेचे प्रमाण डोळ्यांना दिसत नाही

‘ही जात नशेची नाही’ हा दावा तपासण्यासाठी थोडी आनुवंशिकी समजून घ्यावी लागेल. भांगेत दोन संयुगांची चर्चा अधिक होते. टीएचसी हे नशा आणणारे संयुग आहे. सीबीडी हे तशी नशा न आणणारे, पण औषधी संशोधनात महत्त्व पावलेले संयुग आहे. दोन्ही एकाच पूर्वद्रव्यापासून तयार होतात. कोणत्या विकराचे जनुक झाडात कार्यरत आहे, त्यावर झाड कोणत्या प्रकाराकडे झुकणार हे ठरते.

२००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की शुद्ध टीएचसी प्रकार व शुद्ध सीबीडी प्रकार यांच्या संकरातून पहिल्या पिढीत मिश्र प्रकारची झाडे मिळतात. दुसऱ्या पिढीत ती मेंडेलच्या नियमानुसार साधारण १:२:१ या प्रमाणात विभागतात, म्हणजे एक चतुर्थांश झाडे टीएचसी प्रकारची, अर्धी मिश्र आणि एक चतुर्थांश सीबीडी प्रकारची. संकराच्या झाडाचे बी धरून पुन्हा पेरणाऱ्याच्या चार रोपांत कोणते रोप कोणत्या गटातले, हे पान, उंची किंवा वास यांवरून सांगता येत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील क्रोमॅटोग्राफी चाचणीच लागते.

त्यात भर म्हणजे भांग ही वाऱ्याने परागण होणारी वनस्पती असून तिच्यात बहुधा नर व मादी झाडे वेगळी असतात. दूरवरून आलेला पराग पुढील बियाण्याचा गुण बदलू शकतो. शिवाय ‘केवळ सीबीडी’ प्रकारच्या झाडातही थोडे टीएचसी तयार होतेच. त्याचे प्रमाण साधारणतः सीबीडीच्या विसाव्या ते पंचविसाव्या भागाइतके असते. म्हणजे फुलोऱ्यात १० टक्के सीबीडी असलेल्या झाडात टीएचसी ०.४ ते ०.५ टक्के भरू शकते. औद्योगिक हेंपसाठी अनेक देशांनी मानलेली मर्यादा ०.३ टक्के आहे. तीही निसर्गाने आखलेली रेषा नसून, १९७६ मध्ये स्मॉल व क्रॉंक्विस्ट या शास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी सुचवलेला आकडा आहे. तात्पर्य, नशेच्या जातीची कोणतीही खूण कुंडीतील रोपावर नसते.

कायदा काय म्हणतो?

अंमली औषधी द्रव्ये व मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ हा १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू आहे. त्यातील पुढील तरतुदी प्रत्येक विस्तार कार्यकर्त्याने लक्षात ठेवाव्यात.

पहिली तरतूद व्याख्येची. ‘कॅनाबिस वनस्पती’ म्हणजे कॅनाबिस प्रजातीतील कोणतीही वनस्पती, असे कलम २ सांगते. सटायव्हा, इंडिका, संकरित, देशी, धाग्याची, नशेची असा भेद या व्याख्येत नाही आणि टीएचसीची टक्केवारीही नाही.

दुसरी तरतूद मनाईची. कलम ८ नुसार कोणत्याही व्यक्तीस कॅनाबिस वनस्पतीची लागवड करता येत नाही. राज्य शासन कलम १० अन्वये लागवडीचे नियमन करू शकते. कलम १४ अन्वये केवळ धागा वा बी मिळवण्याच्या औद्योगिक हेतूने, किंवा उद्यानविद्येच्या हेतूने, शासन सर्वसाधारण अथवा विशेष आदेशाने परवानगी देऊ शकते. असा लेखी आदेश वा परवाना हाती नसेल, तर चार कुंड्या काय किंवा एक काय, ती बेकायदा लागवडच ठरते.

तिसरी तरतूद शिक्षेची. कलम २० नुसार लागवडीसाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बाळगलेल्या गांजाच्या बाबतीत ‘अल्प प्रमाण’ म्हणून कायद्यात जी सौम्य श्रेणी आहे, ती लागवडीच्या गुन्ह्याला नाही. ‘घरच्यापुरते लावले’ हा बचाव म्हणूनच तकलादू आहे.

चौथी तरतूद जागामालकाची. आपल्या जागेचा असा वापर जाणूनबुजून होऊ देणाराही कलम २५ अन्वये दोषी ठरतो. विद्यार्थ्यांना किंवा नोकरदारांना वरचा मजला भाड्याने देणाऱ्या शहरी घरमालकांनी हे ध्यानात घ्यावे. गावाकडे अधियाने जमीन देणाऱ्यांनीही तुरीच्या किंवा मक्याच्या दाट पिकात काय वाढते आहे, याकडे पाठ फिरवू नये.

भांगेच्या पानांविषयी एक गैरसमज वारंवार आढळतो. फुलोऱ्याविना असलेली पाने व बी ‘गांजा’च्या व्याख्येतून वगळलेली आहेत, आणि भांगेच्या विक्रीचा विषय राज्यांच्या उत्पादन शुल्क नियमांकडे जातो. यावरून काही जण ‘पानांसाठी झाड लावता येते’ असा निष्कर्ष काढतात. तो चूक आहे. सूट पानांना आहे, लागवडीला नाही. तसेच बी गांजा नसले तरी ते पेरताक्षणी लागवड सुरू होते.

परदेशातील मोकळीक, देशातील परवाने

समाजमाध्यमांवरील चित्रफिती बहुधा अशा देशांतील असतात, जेथे घरगुती लागवड कायदेशीर आहे. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून संघीय कायद्याने एका घरात चार झाडांची मुभा आहे. तरीही क्वेबेक प्रांताने घरगुती लागवडीवर मनाई ठेवली आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती वैध ठरवली. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ व्यक्तीस तीन झाडे लावता येतात. टोरांटोतील मराठी कुटुंबाने परसात लावलेले झाड तेथे कायदेशीर असेल. तेच बी रायपूरला नातलगाकडे पाठवले तर त्या नातलगावर संकट ओढवेल. समाजमाध्यमावरील चित्रफीत सीमा ओलांडते, कायद्याची सूट मात्र ओलांडत नाही.

देशातही हालचाल आहे, ती परवान्याच्या चौकटीत. उत्तराखंडाने टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा अधिक नसलेल्या औद्योगिक हेंपची लागवड परवाना पद्धतीने खुली केली. हिमाचल प्रदेशाच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये पालमपूर व नौणी येथील विद्यापीठांमार्फत नियंत्रित लागवडीच्या प्रायोगिक अभ्यासास मान्यता दिली. जम्मू येथील भारतीय एकात्मिक औषधी संस्थेच्या छठा प्रक्षेत्रावर औषधी उपयोगासाठी संशोधन चालू आहे. या सर्व ठिकाणी कुंपण, नोंदवही, चाचणी आणि उत्पादनाचा हिशेब बंधनकारक असतो. गच्चीवरच्या कुंडीला यातले काहीच लागू करता येत नाही.

ही शिस्त आपल्या भागाला नवीही नाही. १८९३-९४ च्या भारतीय भांग-गांजा आयोगाने या पिकाची तपशीलवार पाहणी केली, तेव्हा रायपूर मध्य प्रांतात होते. त्या प्रांतात गांजाची लागवड निमाड जिल्ह्यातील खंडवा भागात, तीही परवान्याने होत असे. ज्या काळी गांजा उघड दुकानांतून विकला जाई, त्या काळीही कुणी कोठेही लावावा अशी मोकळीक नव्हती.

औषध आणि अन्न यांचे काय?

दुखण्यावर उपाय म्हणून झाड लावू पाहणाऱ्यास सहानुभूतीनेच उत्तर द्यावे. सीबीडीपासून बनवलेल्या शुद्ध औषधास अमेरिकेत २०१८ मध्ये अपस्माराच्या काही दुर्धर प्रकारांसाठी मान्यता मिळाली, हे खरे आहे. मात्र तेथे प्रत्येक मात्रेतील घटक मिलिग्रॅममध्ये मोजलेला असतो. कुंडीतील पानाची मात्रा कुणालाच ठाऊक नसते, आणि वृद्ध व्यक्ती आधीच घेत असलेल्या औषधांशी तिचा विपरीत संबंध येऊ शकतो. आपल्याकडील औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत भांगेची गणना विषारी द्रव्यांत केलेली असून, तिचा समावेश असलेली आयुर्वेदीय औषधे वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. रुग्णाने नोंदणीकृत वैद्याचा किंवा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हेच उत्तर योग्य.

अन्नाच्या बाबतीत, भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये हेंपचे बी, बियांचे तेल व पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. त्यासाठी टीएचसीची मर्यादा बियांत किलोला ५ मिलिग्रॅम व तेलात १० मिलिग्रॅम अशी ठरवली. म्हणजे परवानाधारक उत्पादकाचे पाकीट विकत घेऊन खाता येते. त्यामुळे पेरण्याचा अधिकार मिळत नाही.

विस्तार कार्यकर्त्याचे कर्तव्य

या अधिनियमातील दोन कलमे थेट आपल्याशी संबंधित आहेत. आपल्या जमिनीत बेकायदा लागवड झाल्याचे कळताच पोलिसांना अथवा संबंधित विभागास तत्काळ माहिती देणे हे कलम ४६ नुसार जमीनधारकाचे कर्तव्य आहे. कलम ४७ नुसार हेच कर्तव्य प्रत्येक शासकीय अधिकाऱ्यावर, तसेच पंच, सरपंच व अन्य ग्राम अधिकाऱ्यांवरही आहे. माहिती असून ती न देणारा शिक्षेस पात्र ठरतो. प्रक्षेत्र भेटीत असे झाड दिसल्यावर ‘आपले काम सल्ला देण्याचे, तक्रारीचे नाही’ असे म्हणून पुढे जाण्याची मुभा अधिकाऱ्यास नाही.

प्रश्न विचारणे आणि लागवड करणे यांत मात्र फरक आहे. अद्याप काही न लावता विचारणाऱ्यास न घाबरवता कायदा समजावून सांगावा. योग्य वेळी दिलेला हा सल्ला एखादे कुटुंब वाचवतो. पडीक जागी आपोआप उगवलेले झाड आढळल्यास ते तोडून घरी नेऊ नये, वाळवू नये, कुणास देऊ नये. त्याचे स्थान नोंदवून पोलीस ठाण्यास लेखी कळवावे व पोच घ्यावी. ‘मी लावले नव्हते’ हे नंतर न्यायालयात सिद्ध करत बसण्यापेक्षा ही पोच कितीतरी मोलाची ठरते.

हेंप म्हणवणारी आपली पिके : अंबाडी आणि ताग

कळवण्यापूर्वी ओळख पक्की हवी, कारण ‘हेंप’ हे नाव इंग्रजीत अनेक धाग्यांच्या पिकांना चिकटलेले आहे. आपली अंबाडी ‘डेक्कन हेंप’ म्हणून आणि ताग ‘सन हेंप’ म्हणून ओळखला जातो. दोन्हींचा भांगेशी कुळाचाही संबंध नाही. अंबाडी भेंडीच्या कुळातली, तर ताग शेंगावर्गीय. दोन्हींची लागवड पूर्णतः कायदेशीर आहे.

गोंधळ विशेषतः अंबाडीच्या पानांमुळे होतो. तिच्या एका जातीचे शास्त्रीय नावच हिबिस्कस कॅनाबिनस, म्हणजे ‘भांगेसारखी’, असे आहे. फरक असा ओळखावा. अंबाडीचे पान बोटांसारखे चिरलेले असले तरी भाग तळाशी जोडलेले असतात. भांगेत प्रत्येक पर्णिका करवती कडांची व तळापर्यंत सुटी असते. अंबाडीचे पान चवीला आंबट, खोडावर बारीक काटे आणि फूल मोठे, पिवळसर, मध्यभागी गर्द तांबडे-जांभळे असते. भांगेला पाकळ्यांचे फूल येत नाही. हिरवट, चिकट तुरे येतात व त्यांना उग्र वास असतो. मात्र संशयित झाडाची चव घेऊन परीक्षा करू नये.

नावाच्या गोंधळाचा दुसरा धोका बियांचा आहे. ‘सन हेंप’चे, म्हणजे तागाचे बी खाण्याचे नाही. ताग ज्या क्रोटालारिया प्रजातीत येतो, तिच्यातील एका रानटी तणाचे बी गोंदली या भरडधान्यात मिसळल्याने १९७० च्या दशकात सरगुजा जिल्ह्यात यकृताच्या गंभीर आजाराची साथ आली होती. ‘हेंप सीड’ पौष्टिक असल्याचे ऐकून कुणी तागाचे बी दळून खाऊ नये, हे आवर्जून सांगावे.

नव्या पिकाची खरी हौस असेल, तर समता कॉलनीच्या गच्चीवर अंबाडी उत्तम येते. छत्तीसगडात तिच्या पानांना अमारी भाजी म्हणतात, तेव्हा खवय्यांची वाण नाही. रायपूरची भाटा माती मुरमाड असते व कन्हार माती पाणी धरून ठेवते. म्हणून दोन भाग बागेची माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग वाळू असे मिश्रण घ्यावे. कुंडी एक फूट रुंद व तेवढीच खोल, तळाला छिद्र असलेली असावी. जून-जुलैत आठ-दहा बिया एक ते दीड सेंटिमीटर खोल पेराव्यात व विरळणी करून तीन-चार रोपे ठेवावीत. तीस-पस्तीस दिवसांनी शेंडे खुडल्यास फुटवे येऊन पुन्हा भाजी मिळते. पाणी साचू देऊ नये, अन्यथा बुडखा कुजतो. हे पीक दिवस लहान होऊ लागल्यावर फुलोऱ्यावर येते, म्हणून पानांसाठी उशिरा पेरू नये.

शेतकऱ्यासाठी तागाचा मार्ग अधिक फायद्याचा आहे. भात रोवणीपूर्वी हिरवळीच्या खतासाठी हेक्टरी ५० ते ६० किलो बी पेरून, फुलोऱ्याच्या सुरुवातीस म्हणजे ४५ ते ५० दिवसांनी पीक जमिनीत गाडावे. नत्र व सेंद्रिय पदार्थ मिळून मातीचा कस सुधारतो.

सारांश

भांगेच्या बाबतीत निर्णायक ठरते ती प्रजाती. ‘संकरित’, ‘सौम्य’ किंवा ‘सीबीडी’ या विशेषणांनी कायद्याचे बंधन सैल होत नाही, आणि घरच्या घरी ती विशेषणे पडताळून पाहण्याचे साधनही नाही. लेखी परवान्याविना एकही बी पेरू नये. ज्यास धाग्याच्या पिकात रस आहे त्याने ताग किंवा अंबाडी निवडावी. ज्यास औषध हवे आहे त्याने वैद्याकडे जावे. आणि ज्यास संकरित वाणाचा जोम अनुभवायचा आहे त्याने लेबल पाहून टोमॅटो किंवा मिरचीचे बियाणे आणावे. प्रश्न घेऊन आलेल्या माणसाला इतके सांगून परत पाठवले, तर विस्तार कार्यकर्त्याने आपले काम चोख केले असे म्हणता येईल.